स्क्रोलचं अक्षर लागलं, म्हणजे मंत्र आला का?

रातराणी_डीएम | रविवार, रात्री ११:२०

आज आमचा खेळ दीड तास अडून राहिला, एका स्क्रोलपायी, म्हणजे मंत्र लिहिलेल्या गुंडाळीपायी. अजून डोक्यातून जात नाही म्हणून इथे लिहितेय.

आम्ही पुण्यात पाच जण डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकून पात्रं रंगवायचा खेळ खेळतो. पाचवी आवृत्ती, २०१४ ची पुस्तकं, डीएम, म्हणजे खेळ चालवणारी, मी. एका थडग्यात मंडळींना फायरबॉलचा, म्हणजे आगीच्या गोळ्याच्या मंत्राचा, स्क्रोल सापडला. पुढच्याच दालनात सांगाडे अंगावर आले, तेव्हा आमच्या विझर्डने (जादूगार पात्र) तो उघडून वाचला. फायरबॉल सुटला, सांगाडे जळाले, टेबलावर टाळ्या पडल्या. रात्री मुक्कामाला बसल्यावर तो म्हणाला, "ताई, आता फायरबॉल माझ्या मंत्रांच्या वहीत उतरवून घेतो." मी सांगितलं की मंत्र सुटला त्याच क्षणी स्क्रोलची राख झाली, उतरवणार कशावरून? तो म्हणाला, "पण मी वाचला ना! वाचला म्हणजे मला कळला." त्यावर रोग (चोर पात्र) खेळणारी म्हणाली, "वाचताच येत असेल तर मलाही येतं. माझ्या पात्राला चार भाषा येतात." मग क्लेरिकही (पुरोहित पात्र) त्यात पडला.

घरी येऊन पुस्तकं काढून बसले. माझ्या मते घोळ 'वाचणे' या शब्दात आहे. आपण त्यात तीन वेगळी कामं कोंबतो. पहिलं म्हणजे अक्षर लागणं, कागदावर काय लिहिलंय ते उमगणं. दुसरं, ते आपल्या वहीत उतरवून आपलंसं करणं. तिसरं, मोठ्याने म्हणून मंत्र सोडणं आणि स्क्रोल खर्ची घालणं. तिन्हींचे नियम वेगळे आहेत, तिन्हींची किंमतही वेगळी.

पाचव्या आवृत्तीत तिसरं काम असं चालतं: मंत्र तुमच्या वर्गाच्या (विझर्ड, क्लेरिक अशा पात्रप्रकाराच्या) यादीत असेल तर सरळ सोडता येतो, साहित्यही लागत नाही. मंत्र तुमच्या आवाक्यापेक्षा वरच्या पातळीचा असेल तर १० अधिक मंत्राची पातळी एवढ्या आकड्याविरुद्ध वीस बाजूंचा फासा टाकायचा. चुकलात तर अक्षरं उडून जातात, बाकी काही होत नाही. दुसरं काम फक्त विझर्डचं. त्यासाठी पुन्हा १० अधिक पातळी, पण आर्केनाचा, म्हणजे जादूच्या ज्ञानाचा, रोल. तो साधो की फसो, स्क्रोल नष्ट होतोच. शिवाय उतरवायला दर पातळीमागे दोन तास आणि ५० सुवर्णमुद्रा.

आणि पहिलं काम? ते जवळजवळ उरलेलंच नाही. मंत्र तुमच्या यादीत असेल तर क्षणात लागतो, नसेल तर कधीच लागत नाही. मधलं काही नाही. मला ते मधलंच हवंय. अनोळखी लिपीतला कागद हातात धरून, कंदिलाच्या उजेडात डोळे बारीक करून बसलेली माणसं मला माझ्या टेबलावर हवी आहेत. तुमच्याकडे कसं खेळता?

---

सागरवेताळ | सोमवार, सकाळी ९:०५

धाग्यासाठी +१. मी बाल्डर्स गेट ३ हा संगणकावरचा खेळ खेळून मग टेबलावर आलो. त्या खेळात कुणीही कुठलाही स्क्रोल वापरतो, कुऱ्हाडवाला बार्बेरियनसुद्धा. त्यामुळे वर्गाच्या यादीची अट आहे हे मला चार सत्रं माहीतच नव्हतं. तुमच्या रोगचं कदाचित तेच झालं असेल.

एक शंका. 'कॉम्प्रिहेंड लँग्वेजेस' हा मंत्र टाकून स्क्रोल वाचता येणार नाही का? सगळ्या भाषा कळतात ना त्याने?

---

रातराणी_डीएम | सोमवार, दुपारी १:३०

नाही येणार, आणि आमचा क्लेरिक नेमका याच मुद्द्यावर अडून बसला होता. तो मंत्र भाषेचा अर्थ सांगतो. गूढ खुणा, ज्या कुठल्या लिखित भाषेचा भागच नाहीत, त्या तो उलगडत नाही असं पाचव्या आवृत्तीत स्पष्ट लिहिलंय. जुन्या साडेतीन (३.५) आवृत्तीत तर आणखी नेमकं होतं: जादूचं लिखाण वाचता येत नाही, ते जादूचं आहे एवढं मात्र कळतं.

मला ही ओळ फार आवडते. समोर काहीतरी आहे एवढं कळावं, पण काय ते कळू नये.

---

जुनाफासा | सोमवार, रात्री १०:४०

धागाकर्तीला जे मधलं हवंय ते मूळ खेळात होतं आणि त्याला नावही होतं: रीड मॅजिक. जरा सविस्तर लिहितो, कारण हा नियम कसा विरत गेला ते समजलं तर तुम्हाला आपल्या टेबलाला हवं तेवढंच उचलता येईल.

१९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा खेळ तीन छोट्या पुस्तिकांत आला. त्यात पहिल्या पातळीच्या मंत्रांत रीड मॅजिक आहे. हा मंत्र किंवा तशी एखादी वस्तू नसेल तर जादूचं लिखाण खुद्द जादूगारालाही लागत नाही. अवधी किती? एक किंवा दोन वाचनं. मिनिटं नाहीत, फेऱ्या नाहीत, वाचनं.

आता गणित मांडा. त्या काळी पहिल्या पातळीच्या जादूगाराला दिवसाकाठी एक मंत्र मिळायचा. एकच. तो सकाळी ठरवून डोक्यात भरायचा. स्लीप भरला तर दारातल्या गोब्लिनांची टोळी झोपवता येते. रीड मॅजिक भरला तर ती टोळी समोर आल्यावर तुमच्या हातात फक्त खंजीर असतो, पण संध्याकाळी स्क्रोल सापडला तर तो तुम्हाला लागतो. आम्ही झेरॉक्स केलेल्या पुस्तकांवरून खेळायचो तेव्हा हा निर्णय घेताना आमचा जादूगार अक्षरशः उठून खोलीत फेऱ्या मारायचा. स्क्रोल सापडणं ही सकाळच्या त्या पैजेची परतफेड असायची. म्हणून स्क्रोलला वजन होतं.

अॅडव्हान्स्ड आवृत्तीत, १९७८ च्या खेळाडू-पुस्तिकेत, या मंत्राला साहित्यही आलं: स्वच्छ स्फटिक किंवा लोलक. त्यातून पाहत वाचायचं. आणि एक सुंदर पोटनियम होता. एकदा रीड मॅजिकच्या साहाय्याने एखादं लिखाण लागलं की तेच लिखाण पुढे तो मंत्र न वापरताही त्या जादूगाराला वाचता येतं. म्हणजे अक्षर लागणं ही माणसाच्या बाजूने कायमची घटना होती. धागाकर्तीने पाडलेल्या तीन कामांतलं पहिलं काम इतकं स्वच्छ वेगळं पाचव्या आवृत्तीत राहिलं नाही.

दुसऱ्या कामावर तेव्हा बुद्धिमत्तेचा पहारा होता. मंत्र समजून वहीत घेता येईल की नाही यासाठी शंभरी फासा टाकायचा. बुद्धी ९ असेल तर ३५ टक्के, १८ असली तरी ८५ टक्केच. सर्वात हुशार माणसालाही काही मंत्र कधीच येणार नाहीत, हे त्या खेळाला मान्य होतं.

चोरांबद्दल: रोग वाचायला मागते त्यात गैर काही नाही. जुन्या चोराला चौथ्या पातळीपासून अनोळखी भाषा वाचण्याची शक्यता मिळायची आणि दहाव्या पातळीला जादूगारांचे स्क्रोल वापरता यायचे. पण चारातल्या एका वेळी ते उलटायचे. क्लेरिकचे स्क्रोल त्याला कधीच नाहीत. २०१४ च्या नियमातही थीफ उपवर्गाला तेराव्या पातळीला ही अट माफ होते. तेव्हा तिला सांगा, तुझा दिवस येईल.

अवांतर: वाचल्यावर मंत्र का नाहीसा होतो, हे नवीन मुलं नेहमी विचारतात. ती कल्पना गायगॅक्स यांनी कादंबरीकार जॅक व्हान्स यांच्याकडून घेतली. त्यांच्या जगात मंत्र इतका जड असतो की डोक्यात मोजकेच मावतात, आणि उच्चारला की डोक्यातून पुसला जातो. स्क्रोल म्हणजे डोक्याऐवजी कागदावर ठेवलेलं तेच ओझं. उच्चारलं की कागद रिकामा. म्हणून तुमच्या विझर्डचं "वाचला म्हणजे कळला" टिकत नाही. त्याने मंत्र वाचला नाही, सोडून दिला.

---

आकडेमोड | मंगळवार, सकाळी ८:१५

जुनाफासा, उत्तम प्रतिसाद. मी साडेतीन आणि पाचवी शेजारी ठेवून हिशेब केला.

साडेतीनमध्ये रीड मॅजिक शून्य पातळीचा झाला. पातळीमागे दहा मिनिटं टिकतो, मिनिटाला एक पान, म्हणजे २५० शब्द, आणि फासा टाकावा लागत नाही. विझर्डला तो वही नसतानाही तयार करता येतो. तो नसेल तर स्पेलक्राफ्टचा, म्हणजे मंत्रविद्येच्या कौशल्याचा, रोल, २० अधिक मंत्राची पातळी, दिवसातून एकदाच. पाचव्या पातळीचा विझर्ड घ्या, बुद्धी १६, स्पेलक्राफ्ट पूर्ण भरलेलं, म्हणजे बोनस ११. फायरबॉलसाठी हवेत २३, म्हणजे फाशावर १२ किंवा वर. ४५ टक्के. उद्या पुन्हा प्रयत्न करायला मोकळा. मला हे प्रमाण आवडतं. निम्म्याहून थोडी कमी आशा, आणि चुकल्यास नुकसान फक्त एका दिवसाचं.

आता पाचव्या आवृत्तीत तोच विझर्ड तोच स्क्रोल वहीत उतरवतोय. आर्केनाचा बोनस ६, लक्ष्य १३. फाशावर ७ किंवा वर, म्हणजे ७० टक्के. पण उरलेल्या ३० टक्क्यांत स्क्रोल गेला आणि मंत्रही आला नाही. साडेतीनमध्ये उतरवताना चुकलं तर स्क्रोल शाबूत राहायचा, फक्त स्पेलक्राफ्ट वाढेपर्यंत तोच मंत्र पुन्हा शिकायला घेता यायचा नाही. माझ्या मते पाचव्या आवृत्तीतला हा एक नियम खरोखर चुकीचा आहे. अभ्यास करणाऱ्याला शिक्षा आणि घाईत सोडून देणाऱ्याला काहीच नाही. खेळाडू हुशार असतात. त्यांना कळतं की शिकण्यापेक्षा फेकून मारणं फायद्याचं, आणि मग ते तसंच खेळतात.

आवाक्याबाहेरच्या स्क्रोलचंही बघा. पाचव्या पातळीच्या विझर्डच्या हातात पाचव्या पातळीचा मंत्र. पाचव्या आवृत्तीत लक्ष्य १५, बुद्धी १८ असली तर बोनस फक्त ४, कारण हा निव्वळ क्षमतेचा रोल. बरोबर ५० टक्के. साडेतीनमध्ये आधी बुद्धी किमान १५ हवी, मग स्क्रोल नवव्या पातळीच्या जादूगाराने लिहिलेला धरला तर लक्ष्य १०, बोनस ५. ८० टक्के! चुकलात तर शहाणपणाचा सोपा रोल, लक्ष्य ५. तोही चुकला तरच अनर्थ. आणि तो अनर्थ खराखुरा: मंत्र भलत्यालाच लागतो, किंवा उलटाच परिणाम करतो, किंवा दर पातळीमागे एका फाशाची इजा वाचणाऱ्यालाच होते.

रातराणीताई, मला वाटतं तुम्हाला हवं आहे ते साडेतीनमधलं स्पेलक्राफ्ट.

---

अंधारकोठडी | मंगळवार, रात्री ११:५५

टेबलावरच्या खेळाबद्दल सगळं बोलून झालंय, मी संगणकावरच्या बाजूने लिहितो. अक्षर लागण्याच्या यातना ज्या खेळाने सर्वात मनापासून जपल्या तो नेटहॅक, १९८७ पासूनचा. आणि त्याच्याही आधी १९८० चा 'रोग' नावाचा खेळ. त्यात दर नव्या डावात स्क्रोलांना अर्थहीन अक्षरांची नवी नावं पडायची.

नेटहॅकमध्ये नावं ठरलेली आहेत, पण कुठलं नाव कुठल्या मंत्राला हे दर डावात बदलतं. काल ज्या नावाने तुम्हाला दुसरीकडे नेऊन सोडलं तेच आज तुमचं चिलखत नष्ट करेल. ही नावं वाचणं हाच एक छंद आहे. एक नाव उलटं वाचलं की 'होली बायबल' होतं. एकात स्वरच नाहीत, तो चेक भाषेतला जीभ वळवायचा खेळ आहे, अर्थ 'बोट घशातून आरपार घाल'. 'किर्ये' असं एक आहे, तो फिनिश भाषेत पत्राला शब्द.

आणि एक रात्र मला अजून आठवते. कॉलेजच्या वसतिगृहात, काळ्या पडद्यावर, मी जमिनीवरचा स्क्रोल उचलला आणि खाली रोमन अक्षरांत नाव उमटलं: प्रत्यवायः.

मी थबकलो. आजोबांच्या तोंडून ऐकलेला शब्द. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात, ४० व्या श्लोकात, "प्रत्यवायो न विद्यते". प्रत्यवाय म्हणजे कर्मात राहिलेल्या उणिवेने लागणारा दोष, वाटेत येणारं विघ्न, उलटं फळ. ज्याने कुणी ती यादी केली त्याने हा शब्द कुठून उचलला ते ठाऊक नाही, पण न ओळखलेला स्क्रोल वाचण्याच्या धोक्याला याहून नेमका शब्द मला माहीत नाही. त्या यादीतली बाकीची नावं मला परकी होती. हे एक घरचं निघालं.

आकडेमोड यांनी 'उलटाच परिणाम' लिहिलं तेव्हा इंद्रशत्रूची गोष्ट आठवली. त्वष्ट्याने इंद्राला मारणारा पुत्र व्हावा म्हणून यज्ञ केला, मंत्रात शब्द होता 'इंद्रशत्रु'. शेवटच्या अक्षरावर स्वर दिला तर अर्थ 'इंद्राचा शत्रू', म्हणजे इंद्राला मारणारा. पहिल्यावर दिला तर 'इंद्र ज्याचा शत्रू आहे असा', म्हणजे इंद्राकडून मरणारा. स्वर चुकला, वृत्र जन्मला आणि इंद्राच्याच हातून मेला. पतंजलीने व्याकरण का शिकावं हे सांगताना हा दाखला दिलाय. अक्षर लागलं होतं, शब्द बरोबर होता, उच्चार फसला. धागाकर्तीची तीन कामं वेगळी का ठेवायची याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मी देऊ शकत नाही.

आता कामाचं. नेटहॅकमध्ये स्क्रोल न वाचताही ओळखता येतो, आणि ते टेबलावर आणण्यासारखं आहे. दुकानात न्यायचा. दुकानदाराला सगळं ठाऊक असतं, तो किंमत सांगतो. ओळख पटवणाऱ्या स्क्रोलची मूळ किंमत २०, आणि त्या किमतीचा दुसरा कुठलाच नाही, म्हणून तो लगेच ओळखू येतो. ३०० चा निघाला तर वंशनाशाचा असू शकतो किंवा पायात बेडी घालणाराही. म्हणजे किंमत अर्धी बातमी देते. एखादा राक्षस एखाद्या चौकोनावर पाय ठेवायला कचरत असेल तर तिथे पडलेला कागद भयाचा असण्याची शक्यता. स्वतः गोंधळलेल्या अवस्थेत असताना वाचलात तर परिणामच बदलतो. स्थलांतराचा स्क्रोल त्याच मजल्यावर हलवण्याऐवजी दुसऱ्या मजल्यावर नेतो. पाण्यात बुडवलात तर कोरा होतो, आगीत सापडलात तर जळतो. कागद कागदासारखा वागतो.

ओळखीचे असे अनेक रस्ते असले की खेळाडू स्क्रोलकडे बघायला लागतो. नुसता फासा नाही टाकत.

---

सागरवेताळ | बुधवार, सकाळी ७:५०

'प्रत्यवाय' वाचून अंगावर काटा आला. वाचनखूण साठवली आहे.

---

फडताळ | बुधवार, दुपारी ४:१०

सगळ्यांचा उत्साह समजतो, पण दुसरी बाजू मांडायलाच हवी.

मी शनिवारी सातवी-आठवीच्या मुलांना खेळवते. आमच्याकडे तीन तास असतात. त्यातले पंधरा मिनिटं डबा, वीस मिनिटं मागच्या वेळी काय झालं ते आठवण्यात. मी दोन वर्षांपूर्वी रीड मॅजिकसारखा नियम आणला होता. झालं असं की विझर्ड खेळणारा मुलगा दर स्क्रोलला रोल करायचा, चुकायचा, आणि बाकीची चार मुलं त्याच्याकडे बघत बसायची. एक मुलगी तर दर वेळी विचारायची, "मावशी, आता आम्ही काय करायचं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. एका माणसाचं गूढ म्हणजे चौघांची वाट पाहणं.

पाचव्या आवृत्तीने जे काढून टाकलं ते उगीच काढलं नाही. स्क्रोल सापडला, कळला, वापरला, पुढे चला. गोष्ट पुढे सरकते. मुलांना स्क्रोल म्हणजे बक्षीस वाटतं, गृहपाठ वाटत नाही. जुनाफासांनी सांगितलेली सकाळची पैज मोठ्यांना रोमांचक वाटेल. पण बारा वर्षांच्या मुलाने दिवसातला एकमेव मंत्र रीड मॅजिकवर घालवला आणि त्या दिवशी स्क्रोल सापडलाच नाही, तर त्याचा तो अख्खा शनिवार वाया जातो.

---

जुनाफासा | बुधवार, रात्री ९:३०

फडताळ, तुमचा मुद्दा मान्य. आमचा अख्खा रविवार असायचा, ही गोष्ट मी लिहायला हवी होती. जुने नियम त्या वेळेवर बेतलेले होते.

फक्त एक सुचवतो. सगळेच स्क्रोल एका जातीचे नव्हते. संरक्षणाचे स्क्रोल कुठल्याही वर्गाला वाचता यायचे. योद्ध्याने उघडून वाचावा आणि भोवती कडं उभं राहावं. दुसरीकडे शापाचे स्क्रोल. १९८१ च्या बेसिक पुस्तिकेत तर त्यातलं लिखाण नुसतं नजरेस पडलं तरी शाप लागायचा. म्हणजे कुठलाही कागद उलगडताना सगळं टेबल श्वास रोखून असायचं, फक्त जादूगार नव्हे. कोण उघडणार? शाप लागलाच तर तो सोसण्याचं बळ कुणात जास्त? कागद आरशात बघून चालेल का? ही चर्चा सगळ्यांची असायची. तुमच्या त्या मुलीला काम मिळालं असतं.

---

बोरू | गुरुवार, रात्री १०:०५

मी वाचनमात्र असतो, पण इथे लिहिल्यावाचून राहवेना.

मी मोडी शिकलोय, हौसेने, आणि आमच्या टेबलावर डीएम म्हणून स्क्रोल खरोखर मोडीत लिहून देतो. बोरू नाही, कट निबचं पेन, चहाच्या पाण्यात बुडवून वाळवलेला कागद. आधी पानभर आडव्या रेघा ओढायच्या, मग त्या रेघांना लटकवत एकसलग लिहीत जायचं. शब्दांत जागा सोडायची नाही. विरामचिन्हं नाहीत. इकार-उकारात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. मजकूर साधा मराठीच असतो: 'तिसरे पायरीस उजवा हात भिंतीस लावोन नाव घेणे.' पण समोरच्याला तासभर त्याचं अक्षर लागत नाही.

फडताळताईंच्या प्रश्नाचं उत्तर मला इथेच मिळालं. कागद टेबलाच्या मध्ये ठेवला की पाचही डोकी त्यावर वाकतात. मी प्रत्येकाला मुळाक्षरांचा एकेक तुकडा देतो. विझर्डला सर्वात मोठा, क्लेरिकला थोडा, योद्ध्याला दोन अक्षरं, जी त्याने म्हणे आजीच्या पेटीवर पाहिली होती. एकट्याकडून वाचणं शक्यच नसतं. परवा योद्ध्याच्या त्या दोन अक्षरांनीच कुलूप उघडलं.

अडचणही सांगतो. आमच्यातल्या एकीने पुढे खरंच मोडीचा वर्ग लावला. आता ती कागद पाहते आणि सरळ वाचते. तिचं पात्र मात्र ८ बुद्धीची बार्बेरियन आहे. तिला गप्प बस म्हणायचं? मेहनत करून शिकलेल्या माणसाला? मला ते जमत नाही. तिच्यासाठी मी आता पेशवाई वळण सोडून जुन्या शिवकालीन वळणात लिहायला लागलोय, म्हणजे तिलाही थोडं अडायला होतं. पण हा उपाय किती दिवस पुरेल?

आणि एक निरीक्षण. मोडी शिकताना अक्षर लागणं हे एकदम होत नाही. आधी एक 'स' ओळखू येतो, मग तोच पानभर दिसायला लागतो. मग नावं लागतात, मग संख्या. क्रियापदं शेवटी. कुठल्याच आवृत्तीच्या नियमात हे नाही. तिथे एक फासा पडतो आणि संपूर्ण कागद लागतो किंवा संपूर्ण लागत नाही.

---

आकडेमोड | गुरुवार, रात्री ११:१५

बोरू, तुमच्या शेवटच्या परिच्छेदावरून नियम करता येईल. एका रोलऐवजी गुण साठवायचे. मंत्राची जेवढी पातळी तेवढ्या पायऱ्या. दर विश्रांतीला एक रोल, साधला की एक पायरी. पहिल्या पायरीला मंत्राची शाखा कळते, दुसरीला तो माणसावर पडतो की जागेवर, शेवटच्या पायरीला नाव. तिसऱ्या पातळीच्या फायरबॉलला तीन पायऱ्या. दुसऱ्या पायरीवर असतानाच संकट आलं तर अर्धवट लागलेला स्क्रोल वाचायचा की नाही, हा निर्णय खेळाडूचा. वाचलाच तर साडेतीनचा अनर्थाचा तक्ता.

बुद्धी ८ असलेल्या बार्बेरियनबद्दल: तिने वाचलेलं खरं धरा, पण ते पात्राच्या तोंडून यायचं असेल तर कारण तिने सांगायचं. कुठे पाहिली ही अक्षरं? दर वेळी एक आठवण. पात्रही वाढेल.

---

बोरू | शुक्रवार, सकाळी ६:४०

ही आठवणीची अट फार आवडली. आज रात्रीच वापरतो.

---

फडताळ | शुक्रवार, दुपारी ३:२०

तुकडे वाटायची युक्ती मी उद्या मुलांवर करून बघते. मोडी नाही, पण बाराखडीला चिन्हं देऊन तयार केलेली लिपी. जमलं तर कळवते. रोल मात्र ठेवणार नाही, त्यावर मी ठाम आहे.

---

रातराणी_डीएम | रविवार, रात्री ११:४५

सर्वांचे मनापासून आभार. आज खेळ झाला, म्हणून लगेच लिहायला बसले.

ठरवलं ते असं. अक्षर लावायला तासाभराची विश्रांती आणि आर्केनाचा रोल, १० अधिक पातळी. पातळीएवढ्या पायऱ्या, आकडेमोड यांनी सांगितल्याप्रमाणे. चुकल्यास स्क्रोल जात नाही, फक्त रात्रीच्या झोपेपर्यंत पुन्हा हात लावायचा नाही. शेजारी बसून मदत करणाऱ्याने आपल्याला त्या कागदात काय दिसतंय ते बोलून दाखवलं तर विझर्डला दोन फासे टाकून मोठा घ्यायला मिळतो. पूर्ण लागलेला स्क्रोल वहीत उतरवताना वेगळा रोल नाही, वेळ आणि पैसे मात्र पुस्तकाप्रमाणे, आणि उतरवल्यावर कागद कोरा. जुनाफासांचा पोटनियमही घेतला: एकदा लागलेलं त्या माणसाला कायम लागलेलं.

आज त्यांना चौथ्या पातळीचा स्क्रोल दिला. कुठला ते इथे लिहीत नाही, आमचा विझर्ड हा धागा वाचतो. कागद मी साडेतीनच्या पुस्तकातल्या वर्णनाबरहुकूम बनवला होता: साडेआठ बाय अकरा इंचाचा जाड कागद, वर-खाली चामड्याच्या पट्ट्या, दोन्ही टोकांकडून गुंडाळलेला, लाकडी नळकांड्यात. तो बाहेर निघाला तेव्हा कुणी बोललं नाही.

पहिली पायरी साधली. शाखा कळली: कंज्युरेशन, म्हणजे काहीतरी बोलावून आणण्याची जादू. दुसरी फसली. मग रोग खेळणारी पुढे वाकली आणि म्हणाली की हे तिसऱ्या ओळीतलं चिन्ह थडग्याच्या दारावर होतं, मी कुलूप काढताना बोट फिरवलं होतं त्यावरून. मी तसं काही ठरवलेलं नव्हतं. पण माझ्या वहीत बघितलं, दाराचं चित्र मीच काढलं होतं, आणि चिन्ह खरंच तेच होतं.

आता मला आठवडाभरात ठरवायचंय की ते तिथे का होतं. कुणाला काही सुचलं तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, इथे नको.